अवयव जाण्याची वाट पाहणारा कायदा

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : इन्सुलिनवर जगणाऱ्या मधुमेहींचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत समावेश व्हावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करण्याबाबत.

सन्माननीय मंत्रिमहोदय,

मधुमेह असलेल्या माणसाने दिव्यांग म्हणून सरकारी मदतीसाठी अर्ज करावा का, आणि केला तर तो टिकेल का, हा प्रश्न नवी मुंबईत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत कितीतरी घरांत आहे. आजच्या कायद्यात त्याचे उत्तर असे आहे : मधुमेह आहे म्हणून काहीही मिळणार नाही. मधुमेहाने डोळा नेला, पाय नेला, तर त्या डोळ्याचा आणि त्या पायाचा हिशेब होईल. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राचा अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. २०१६ च्या अधिनियमातल्या २१ प्रकारांची यादी समोर येते आणि तीत मधुमेह नाही. मग अर्जदार ‘अल्पदृष्टी’ किंवा ‘चलनवलनविषयक’ यांपैकी जे लागू पडेल ते निवडतो. ज्या आजाराने हे सगळे घडवले त्याचे नावही प्रमाणपत्रावर येत नाही. ही व्यवस्था कायद्याच्या अनुसूचीला धरून आहे, पण त्याच कायद्यातल्या व्याख्येला धरून नाही, आणि ती बदलण्यासाठी पहिले पाऊल उचलण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, असे मला सप्रमाण मांडायचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

आधी आजचा हिशेब कसा चालतो ते पाहू. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. केंद्राने अधिसूचित केलेल्या मूल्यमापनाच्या सूचनांत पायाचा कोणता भाग गेला तर किती टक्के, हे ठरवून दिले आहे. पायाचा अंगठा गेला तर १० टक्के. पाचही बोटे गेली तर २० टक्के. चवड्यापर्यंत पाऊल गेले तर ३०. शस्त्रक्रिया पावलाच्या मध्यापर्यंत पोहोचते तेव्हा कुठे ४० चा आकडा लागतो. डोळ्याचेही तसेच. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर ३० टक्के. मधुमेहात पायाची जखम कशी वाढत जाते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या तक्त्याचा अर्थ लगेच कळेल. संवेदना गेल्यामुळे खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, बोट काढावे लागते, काही महिन्यांनी आणखी दोन. या सगळ्या काळात माणसाला विश्रांती हवी असते, योग्य पादत्राण हवे असते, रोजची मलमपट्टी आणि काम बदलून मिळण्याची सोय हवी असते. पाय वाचवता येतो तो याच काळात. आणि नेमक्या याच काळात तो कायद्याच्या दृष्टीने अपात्र असतो. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारातल्या माथाडी कामगाराचा विचार करा. पाठीवर गोणी घेऊन फळीवरून चढायचे तर पायाच्या बोटांवर तोल सांभाळावा लागतो. बोटे गेली की त्याची हमाली संपली. तक्ता मात्र त्याला २० टक्के देतो, म्हणजे त्याच्या हातात काहीच देत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत तर शून्यच. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा माणूस २१ प्रकारांपैकी कशातही बसत नाही. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघू शकतो, ही मोठीच सोय आहे. पण आठवड्यातले दोन-तीन दिवस यंत्राशेजारी गेल्यावर नोकरी कशी टिकवायची, याला आरोग्यविमा उत्तर देत नाही. एक गोष्ट मात्र अर्जदारांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी, म्हणून इथे लिहितो. एकापेक्षा जास्त अवयवांवर परिणाम झाला असेल तर मूल्यमापनाच्या सूचनांत टक्के एकत्र करण्याचे सूत्र आहे. एका डोळ्याचे ३० आणि चवड्याचे ३० एकत्र धरले तर सूत्राने ५० टक्के होतात. डोळ्यांच्या विभागाचा अर्ज वेगळा, हाडांच्या विभागाचा वेगळा, असे केल्याने दोन्हीकडून ‘४० पेक्षा कमी’ असा शेरा घेऊन माणूस परत जाऊ शकतो. मधुमेहाच्या रुग्णाचे मूल्यमापन सर्व बाधित अवयवांचे एकत्रच व्हावे, अशी लेखी सूचना वैद्यकीय मंडळांना गेली तर कायद्यातला एक शब्दही न बदलता काही जणांना न्याय मिळेल.

हे झाले गुंतागुंत झालेल्यांचे. माझा मुख्य मुद्दा त्यांच्याबद्दल आहे ज्यांचा एकही अवयव अजून गेलेला नाही, आणि जो जाऊ नये म्हणूनच ज्यांना आधार हवा आहे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. बहुतेकदा हे लहानपणी किंवा किशोरवयात घडते. गोड खाण्याशी, आळसाशी, वजनाशी त्याचा संबंध नसतो. इन्सुलिन थांबले तर काही दिवसांत जीव जातो. म्हणून दिवसातून साधारण चार इंजेक्शने, तितक्या वेळा किंवा त्याहून जास्त रक्ततपासणी, प्रत्येक घासात पिष्ट किती याचा अंदाज आणि त्यावरून डोसाचा हिशेब, हे सारे आयुष्यभर चालते. इन्सुलिन थोडे जास्त झाले, जेवण उशिरा झाले, चालणे वाढले की शुगर उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, समोरचे बोलणे कळेनासे होते, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर शुद्ध हरपते. हे झोपेतही होते, म्हणून आईवडील रात्री उठून मुलाची शुगर बघतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अ‍ॅटलासनुसार १९ वर्षांपर्यंतची अशी सुमारे २ लाख २९ हजार मुले भारतात होती, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. आपला राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रम मात्र तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीभोवती उभा आहे. आठ वर्षांच्या मुलीचा मधुमेह त्याच्या चौकटीत नीट बसत नाही.

आता अधिनियमाची व्याख्या पाहा. कलम २(एस) म्हणते की दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनविषयक कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगातून ज्या व्यक्तीच्या समाजातल्या पूर्ण आणि समान सहभागाला बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती. या व्याख्येत टक्के नाहीत, तुटलेला अवयव नाही. टाइप १ ची कमतरता आयुष्यभराची, म्हणजे दीर्घकालीन आहेच. अडथळे शोधायला दूर जावे लागत नाही. परीक्षेच्या वर्गाबाहेर पिशवी ठेवायला सांगतात आणि त्या पिशवीत ग्लुकोमीटर आणि बिस्किटे असतात. कारखान्यात पाळीच्या मध्यात जेवणाची सुटी ठरलेल्या मिनिटालाच मिळते. शाळेत इंजेक्शन घ्यायला मुलीला स्वच्छतागृहात जावे लागते. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावर गर्दीच्या लोकलमध्ये शुगर उतरलेल्या माणसाला बसायला जागा मिळत नाही, कारण तो दिसायला ठणठणीत असतो. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांना प्रवास करू देण्याचा शहाणपणा रेल्वेने दाखवला आहे. तिथे गरज पाहिली, तुटलेला अवयव पाहिला नाही.

‘आजार वेगळा आणि दिव्यांगत्व वेगळे,’ हा पहिला आक्षेप प्रशासनाकडून येतो. १९९५ च्या कायद्यापुरता तो बरोबर होता, कारण त्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ही भिंत स्वतःच पाडली. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार त्याने अनुसूचीत घेतले. हे तिन्ही आजार जन्मभराचे आहेत, बाहेरून दिसत नाहीत, त्यांत बरे दिवस असतात आणि अचानक येणारी संकटे असतात. हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्त गोठवणारा घटक बाहेरून टोचावा लागतो, थॅलेसेमियाच्या मुलाला ठरावीक काळाने रक्त चढवावे लागते. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांना या समावेशाने किती आधार मिळाला हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. शरीर जे बनवत नाही ते आयुष्यभर बाहेरून द्यावे लागणे, हेच तर टाइप १ मधुमेहात घडते, आणि तेही दिवसातून चार वेळा. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्सही त्याच अनुसूचीत आहेत. आजार म्हणून दार बंद करण्याचे कारण कायद्यात उरलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे : इन्सुलिन घेतले की माणूस सगळे काही करू शकतो, मग दिव्यांगत्व कसले? उदाहरण म्हणून क्रिकेटपटू वसीम अक्रमचे नाव हमखास येते. त्याला १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाले आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. त्याच्याबद्दलचा आदर ठेवूनही हा युक्तिवाद मला मान्य नाही. अक्रमच्या मागे संघाचे डॉक्टर होते, हवे तेव्हा मैदानाबाहेर जाण्याची मुभा होती, औषधाच्या खर्चाची चिंता नव्हती. म्हणजे आपण ज्या सोयी मागत आहोत त्या मिळाल्यावर माणूस काय करू शकतो याचे ते उदाहरण आहे, आणि म्हणून ते आपल्याच बाजूचे आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात हा प्रश्न नेमका सोडवला आहे. उपचारांनी पडणारा फरक बाजूला ठेवून, उपचार नसते तर त्या व्यक्तीचे काय झाले असते हे तिथे पाहतात. अमेरिकेने २००८ च्या दुरुस्तीने हेच तत्त्व घेतले. कॅनडाची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. तिथल्या दिव्यांग करसवलतीसाठी जगण्याला आवश्यक अशा उपचारात आठवड्याला सरासरी १४ तास जावे लागतात, अशी अट होती. टाइप १ च्या रुग्णांना दर वेळी हे तास सिद्ध करत बसावे लागे. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि २०२१ च्या करवर्षापासून टाइप १ असलेली व्यक्ती ही अट पूर्ण करते असे थेट मानले जाऊ लागले. मोजमाप उपचाराच्या भाराचे झाले. पाय कितीपर्यंत कापला हे तिथे कोणी विचारत नाही.

अमेरिकेचे दुसरे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तेही सांगायला हवे. तिथल्या सामाजिक सुरक्षा विभागाने २०११ मध्ये निर्वाहवेतनाच्या आपल्या यादीतून मधुमेहाची स्वतंत्र नोंद काढून टाकली. उपचार सुधारले, आता परिणाम झालेल्या अवयवावरून निर्णय घेऊ, अशी त्यामागची भूमिका. पण तो निर्णय होता काम करूच न शकणाऱ्यांच्या निर्वाहवेतनापुरता. भेदभावाविरुद्धचे संरक्षण, कामाच्या ठिकाणची सोय, परीक्षेतली मुभा यांसाठीचा कायदा वेगळा आहे आणि त्यात मधुमेही आहेतच. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणपत्राला बांधल्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ही गाठ सोडवली. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवरून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की आरक्षणासाठीची ४० टक्क्यांची अट वाजवी सोयीच्या हक्काला लावता येणार नाही, तो हक्क प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा आहे. सीबीएसईने त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी परीक्षेच्या वर्गात नेण्याची परवानगी दिली होती. शाळेच्या चाचणीपासून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपर्यंत राज्यात सगळीकडे असा एकच लेखी नियम असावा, त्यात ग्लुकोमीटर आणि सेन्सरही असावेत आणि शुगर उतरल्यास गेलेला वेळ भरून मिळावा. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

‘देशात दहा कोटी मधुमेही आहेत, सगळ्यांना दिव्यांग म्हणायचे का?’ हा प्रश्न कोणताही सचिव पहिल्या बैठकीत विचारील, आणि तो विचारायलाच हवा. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये ही संख्या १० कोटी १० लाख सांगितली. त्यांतले बहुसंख्य टाइप २ चे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचा आजार आहार, व्यायाम आणि गोळ्यांनी आटोक्यात राहू शकतो. त्या सगळ्यांसाठी मी काही मागत नाही. सीमारेषा स्पष्ट आखता येते : ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असे टाइप १ चे रुग्ण, आणि स्वादुपिंडाच्या जुनाट विकाराने किंवा ते काढून टाकल्यामुळे त्याच अवस्थेत आलेले रुग्ण. सी-पेप्टाइडची रक्तचाचणी शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते सांगते, आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या टाइप १ ची खात्री करतात. २०२४ मध्ये प्रशासकीय सेवेतल्या एका प्रकरणानंतर बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांची चर्चा देशभर झाली आणि त्याचा ताप खऱ्या दिव्यांगांना झाला. ज्याचे निदान प्रयोगशाळेतल्या आकड्यावर उभे आहे अशा आजारात बनवाबनवीला फार कमी वाव आहे.

यापेक्षा मला जड वाटतो तो दिव्यांग संघटनांकडून येऊ शकणारा आक्षेप : आधीच अपुऱ्या वाट्यात आणखी वाटेकरी कशाला? अंध, कर्णबधिर, चलनवलनाची अडचण असलेल्या माणसांनी अनेक दशके झगडून मिळवलेल्या जागा आहेत त्या. त्यांच्या काळजीला हलक्याने घेणे अन्यायाचे ठरेल. पण अनुसूचीत येणे म्हणजे नोकरीतल्या आरक्षणात येणे असा अर्थ होत नाही, हे अधिनियमातच दिसते. सरकारी नोकऱ्यांतले ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये नाव घेऊन ठरलेल्या गटांना आहे. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स त्या गटांत नाहीत, तरी अनुसूचीत आहेत. मधुमेहींसाठी तेच स्थान मागितले तर कुणाची एकही नोकरी कमी होत नाही. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे असे गट पाडलेले नाहीत. पण त्यासाठीही ४० टक्के लागतात. टाइप १ ला सरसकट किती टक्के द्यायचे हे मूल्यमापनाच्या सूचना ठरवतील, आणि गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला ४० च्या खाली ठेवले तर त्याचीही माझी तक्रार नाही. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्वासाठीही पांढरे यूडीआयडी कार्ड आणले आहे. वाजवी सोय, भेदभावापासून संरक्षण, नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास सरकारी आस्थापनेला काढून टाकता येणार नाही हे कलम २०(४) चे कवच, आणि आपला आजार सरकारदरबारी नोंदला गेला आहे ही ओळख, एवढे त्या कार्डाने मिळाले तरी पुष्कळ होईल.

काही आईवडील म्हणतात, आम्हाला हे कार्डच नको. मुलीच्या लग्नाचे काय, नोकरीच्या मुलाखतीत काय सांगायचे? ही भीती खरी आहे आणि तिच्यामागे समाजाचा अनुभव आहे. पण अर्ज करणे ऐच्छिक आहे. ज्यांना आजार लपवून जगता येते त्यांनी कार्ड घेऊ नये. जी मुलगी शाळेत लपून इंजेक्शन घेते आणि कंटाळून दुपारचा डोस चुकवते, तिला मात्र लपवण्याची किंमत पुढे डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी चुकवावी लागते.

आता पैशांचे. शुगर तपासण्याची एक स्ट्रिप २० रुपयांची धरली आणि दिवसाला चारच तपासण्या धरल्या, तरी महिन्याला २,४०० रुपये होतात, वर्षाला २८,८००. यात इन्सुलिन, सुया, डॉक्टर, प्रयोगशाळा काहीच आले नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये मिळतात आणि त्यांच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. म्हणजे त्या मर्यादेवरच्या घराचे निम्म्याहून जास्त उत्पन्न एकट्या स्ट्रिपवर जाईल. म्हणूनच अशा घरांत तपासणी होत नाही, अंदाजाने इन्सुलिन टोचले जाते. याच योजनेत दिव्यांगांखेरीज क्षयरोग, पक्षाघात, प्रमस्तिष्कघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचाही समावेश आहे. ही यादी राज्याची आहे. त्यात इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह आणि मधुमेहाने निकामी झालेली मूत्रपिंडे यांचे नाव घालायला एक शासन निर्णय पुरतो. योजना सामाजिक न्याय विभागाची आणि अर्ज तहसील कार्यालयात, ऐरोली-बेलापूर पट्ट्याला ठाण्यात, खारघर-कामोठ्याला पनवेलला. पण दोन्ही ठिकाणचा कारकून शासन निर्णयातले नाव पाहतो, ‘यांसारख्या’ या शब्दाचा अर्थ लावत बसत नाही. म्हणून नाव स्पष्ट लिहिलेले हवे.

यात अभूतपूर्व असे काही नाही. केंद्राच्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, ज्याच्या योजनेचे रुग्णालय वाशीतच आहे, ३४ दीर्घ आजारांच्या यादीत मधुमेहाने झालेला डोळ्यांच्या पडद्याचा गंभीर विकार, मधुमेही पाय आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा समावेश केला आहे. अशा कामगाराला सरासरी वेतनाच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यातल्या, महिना २१ हजारांच्या आत पगार असलेल्या विमाधारक कामगाराचा मधुमेही पाय सरकारला दिसतो. त्याच्याच घरासमोर भाजीची गाडी लावणाऱ्याचा दिसत नाही. केरळने तर सामाजिक सुरक्षा अभियानातून टाइप १ च्या मुलांसाठी ‘मिठायी’ योजना चालवून इन्सुलिन, सततच्या तपासणीची उपकरणे आणि इन्सुलिन पंपही पुरवले. नवी मुंबई महापालिकेकडे वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला रुग्णालये आहेत आणि वाशीला दिव्यांग मुलांसाठी नावाजलेले ईटीसी केंद्र आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहेच. टाइप १ अनुसूचीत आला तर या निधीतून शहरातल्या अशा प्रत्येक मुलाला स्ट्रिप आणि सुया देता येतील. कायदा तोच असताना हे काम तिरुवनंतपुरममध्ये होते तर वाशीत का होऊ नये?

कायद्याची वाट सरळ आहे. अधिनियमाच्या अनुसूचीत शेवटी केंद्र सरकार अधिसूचित करील असा ‘अन्य कोणताही प्रकार’ घेण्याची तरतूद आहे. कलम ९९ सांगते की समुचित सरकारच्या शिफारशीवरून किंवा अन्यथा केंद्राला अधिसूचनेद्वारे अनुसूचीत दुरुस्ती करता येते. समुचित सरकारमध्ये राज्य सरकार येते. संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. आपल्या विभागाने अंतःस्रावतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, पुनर्वसनतज्ज्ञ आणि दिव्यांग संघटनांचे प्रतिनिधी यांची समिती नेमावी. उपचाराच्या भारावर आधारित मूल्यमापनाचा आराखडा तिच्याकडून घ्यावा आणि मंत्रिमंडळाच्या मान्यतेने शिफारस केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाकडे पाठवावी. संघटनांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे, कारण त्यांच्या संमतीशिवाय झालेली भर टिकणार नाही. शिफारशीचे उत्तर यायला वेळ लागेल. तोपर्यंत वैद्यकीय मंडळांना एकत्रित मूल्यमापनाची सूचना, परीक्षांचा लेखी नियम आणि संजय गांधी योजनेच्या यादीतली दुरुस्ती, ही तिन्ही कामे राज्याच्या स्वतःच्या सहीने होऊ शकतात. यांपैकी कोणते आपला विभाग हाती घेणार आहे आणि कोणते नाकारायचे असेल तर कोणत्या कारणाने, हे विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सभागृहासमोर यावे, अशी विनंती करतो.

कळावे,

आपला,
नवी मुंबईतील एक नागरिक